दोन वाजताची अदलाबदल: सिडनी कार्टनच्या आत्मबलिदानाचा प्रकरण अभ्यास

अभिजात कादंबऱ्यांतल्या आत्मत्यागाचा विषय निघाला की चार्ल्स डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज'मधला सिडनी कार्टन हटकून आठवतो, आणि चर्चा बहुधा शेवटच्या पानावरच घोटाळत राहते. प्रेमापोटी दुसऱ्याच्या जागी गिलोटिनवर गेलेला दारुडा वकील, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. एवढ्यावर त्याची बोळवण करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. या कादंबरीत जीव ओवाळून टाकायला तयार असलेली माणसं आणखीही आहेत. पण कडेकोट तुरुंगातून एक माणूस जिवंत बाहेर काढायचा, तर नुसत्या तयारीने भागत नाही. कार्टनने दोन रात्रींत जे केलं ते मुरलेल्या वकिलाचं काम होतं. डिकन्सने त्यातला प्रत्येक दुवा लिहून ठेवला आहे आणि शेवट म्हणूनच खरा वाटतो.

कादंबरी १८५९ साली ३० एप्रिल ते २६ नोव्हेंबर या काळात डिकन्सच्याच साप्ताहिकातून क्रमशः आली. तीन खंड, पंचेचाळीस प्रकरणं. मूळ कल्पना त्याला १८५७ साली एका नाटकात काम करताना सुचली, असं त्याने प्रस्तावनेत नोंदवलं आहे. विल्की कॉलिन्सच्या त्या नाटकात तो स्वतः जी भूमिका करत होता, ते पात्र प्रेमातल्या प्रतिस्पर्ध्याला वाचवताना प्राण सोडतं. आपल्याला इथे लागणारा भाग तिसऱ्या खंडातला आहे: आठव्या प्रकरणापासून पंधराव्यापर्यंत.

पेच काय होता

चार्ल्स डार्ने हा फ्रेंच उमराव घराण्यातला. खरं आडनाव एव्हरेमोंद. घराण्याच्या जुलमाची लाज वाटून त्याने नाव, वतन सगळं सोडलं आणि तो इंग्लंडमध्ये शिकवण्या करून राहू लागला. लूसी मॅनेटशी त्याचं लग्न झालं. कार्टनचंही लूसीवर प्रेम होतं. तुझ्या प्रेमाच्या माणसाला वाचवण्यासाठी जीव देणारा एक जण आहे, हे अधूनमधून आठवत जा, असं तो तिला लग्नाआधीच सांगून मोकळा झाला होता. १७९२ साली जुन्या कारभाऱ्याला सोडवायला डार्ने फ्रान्सला गेला आणि पकडला गेला. सव्वा वर्ष कैदेत काढल्यावर खटला चालला, सुटका झाली आणि सुटकेचा आनंद ओसरायच्या आत त्याला पुन्हा अटक झाली. दुसऱ्या खटल्यात चोवीस तासांत मृत्यूची शिक्षा सुनावली गेली.

डार्नेला पहिल्यांदा सोडवलं ते सासऱ्याने. डॉ. मॅनेट अठरा वर्षं पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगात सडलेला कैदी, त्यामुळे क्रांतीच्या पॅरिसमध्ये त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याचा त्याग मला कार्टनच्या तोलाचा वाटतो. ज्या घराण्याने आपल्याला गाडलं त्याच घराण्याच्या मुलाला त्याने जावई म्हणून स्वीकारलं, आणि ते पचवताना लग्नानंतर नऊ दिवस त्याची शुद्ध हरपली होती. कोठडीत शिकलेलं जोडे शिवण्याचं काम तो पुन्हा करत बसला होता. पण त्याची सगळी ताकद त्याच्या भूतकाळात होती, आणि तो भूतकाळ इतरांच्याही हाती लागण्याजोगा होता. १७६७ साली कोठडीत लिहून धुराड्यात लपवलेल्या कागदात त्याने एव्हरेमोंद घराण्याला शेवटच्या वंशजापर्यंत शाप दिला होता. पॅरिसमधला दारूचा दुकानदार आणि क्रांतिकारक डफार्ज याने तो कागद शोधून कोर्टात हजर केला आणि तिथे तो वाचला गेला. सासऱ्याच्याच अक्षरातला पुरावा जावयावर उलटला. प्रतिष्ठेच्या बळावर केलेली मदत प्रतिष्ठेबरोबरच कोसळली. नंतर हा मार्ग कोणी चोखाळला तर निष्फळ ठरेल हे कार्टनला कळलं होतं. डॉक्टरने पुन्हा खटपट करावी असं तो म्हणाला खरा, पण आशा धरून नव्हे.

कार्टनचं खरं कसब

कार्टन लंडनमध्ये स्ट्रायव्हर नावाच्या वकिलाच्या हाताखाली राबायचा. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून रात्रभर कागदांचे ढिगारे उपसायचे, त्यातून चार कामाचे मुद्दे काढायचे आणि सकाळी स्ट्रायव्हरने ते कोर्टात स्वतःचे म्हणून मिरवायचे. त्याच्या आळशीपणाबद्दल खूप लिहिलं जातं. तो आळशी होता तो स्वतःच्या उत्कर्षाबाबत; कामात नव्हे. १७८० साली लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातल्या खटल्यात डार्ने सुटला तोही कार्टनमुळे. स्वतःच्या आणि डार्नेच्या चेहऱ्यातलं साम्य दाखवून ओळख पटवणाऱ्या साक्षीदाराची साक्ष त्याने निकालात काढली. माणूस ओळखण्याची साक्ष किती लवकर डळमळते, हा धडा त्याच्या गाठीला तेव्हापासूनचा.

त्या दोन रात्रींतली पहिली रात्र पाहा. दुसऱ्या अटकेची बातमी कळताच त्याने बरसॅडला गाठलं. हा बरसॅड लूसीला सांभाळणाऱ्या मिस प्रॉसचा हरवलेला भाऊ, आधी इंग्रज सरकारचा हेर, आता क्रांतीच्या तुरुंगांतला खबऱ्या, आणि कॉन्सिएर्जरी तुरुंगात वाटेल तेव्हा आतबाहेर करू शकणारा. टेलसन बँकेच्या पॅरिसमधल्या कचेरीत कार्टनने पत्ते टाकावेत तसे एकेक मुद्दे त्याच्यासमोर टाकले. तू पूर्वी कोणाच्या पगारावर होतास. तुझा साथीदार क्लाय मेल्याचं सोंग करून इथेच फिरतो आहे. आणि त्याच्या शवपेटीत प्रेत नव्हतं, दगडमाती होती, हे सांगणारा साक्षीदार, बँकेचा नोकर जेरी क्रंचर, इथेच आहे. हे बोलताना तो ब्रँडी पीत होता. शेवटचा पेला मात्र त्याने चुलीच्या कडेवर सावकाश ओतून दिला. त्यानंतर कादंबरीत त्याने कडक दारू घेतलेली नाही. डिकन्स ही नोंद पुढे आवर्जून करतो.

मागितलं काय? कैद्याला एकदा भेटण्याची परवानगी, इतकंच. सौद्यातली ही मापात राहण्याची कला महत्त्वाची. पळवून लावण्यात मदत कर, असं म्हटलं असतं तर बरसॅड घाबरून फितूर झाला असता. एका भेटीसाठी तो आपली मान धोक्यात घालायला तयार झाला, आणि भेट ठरल्यावर बाकीचं त्याच्या गळ्यात आपोआप पडलं.

त्याच रात्री कार्टन एका औषधवाल्याच्या अंधाऱ्या दुकानात गेला. चिठ्ठीवर लिहून दिलेल्या वस्तू वेगवेगळ्या पुड्यांत बांधून घेतल्या. त्या एकत्र केल्या तर काय होईल माहीत आहे ना, असं दुकानदाराने बजावलं. हे खटल्याच्या आदल्या रात्री घडलं, हे विसरता कामा नये. निकाल लागायचा होता, तरी त्याने तो गृहीत धरला होता.

या पुड्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. १७९३ सालच्या पॅरिसमध्ये भुलीचं औषध म्हणून अशी वस्तू दुकानात मिळत नव्हती. इथरचा भूल देण्यासाठी जाहीर वापर १८४६ साली बोस्टनमध्ये झाला आणि क्लोरोफॉर्मचा १८४७ साली एडिंबरोत. डिकन्सच्या पहिल्या वाचकांना भुलीची कल्पना नवी आणि ताजी होती. त्याने ती साठ वर्षं मागे नेली आणि शहाणपणाने द्रव्याचं नाव घेतलं नाही. धडधाकट माणूस मिनिटभरात बेशुद्ध होणं हेही अतिशयोक्तच, कारण क्लोरोफॉर्म हुंगवूनसुद्धा जास्त वेळ लागतो. योजनेतला हा एक सांधा कथानकाच्या सोयीने जोडलेला आहे. बाकीचे सांधे मात्र तपासले तर टिकतात.

दारूचं दुकान, कागद आणि घड्याळ

शिक्षा सुनावली गेल्यावर संध्याकाळी कार्टन मुद्दाम डफार्जच्या दारूच्या दुकानात गेला. हेतू हा की आपल्यासारखा दिसणारा एक इंग्रज पॅरिसमध्ये आहे हे त्या लोकांनी पाहून ठेवावं. उद्या तसाच चेहरा शहराच्या नाक्यावर दिसला तर 'हा तर तो इंग्रज' असं वाटायला हवं. मोडकंतोडकं फ्रेंच बोलत तो वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसला, आणि बसल्या बसल्या त्याने ऐकू नये ते ऐकलं. एव्हरेमोंद बंधूंनी उद्ध्वस्त केलेल्या कुळातली वाचलेली बहीण म्हणजे मादाम डफार्ज. तिला डार्नेचा जीव पुरत नव्हता. लूसी, तिची लहान मुलगी आणि डॉक्टर, सगळे तिच्या यादीत होते. लूसी तुरुंगाबाहेर उभी राहून कैद्यांना खुणा करायची, अशी साक्ष द्यायला लाकडं कापणारा एक जण तयार ठेवलेला होता.

इथे प्रकरणाचं स्वरूप पालटतं. आता नुसता डार्ने सुटून उपयोग नव्हता; सगळं कुटुंब एकाच वेळी फ्रान्सबाहेर जायला हवं होतं. मध्यरात्री डॉक्टरच्या कोटात बाहेर जाण्याचा परवाना सापडला, त्यात डॉक्टर, लूसी आणि मुलगी यांची नावं. कार्टनने स्वतःचा परवानाही काढून जार्विस लॉरीच्या हवाली केला. तुरुंगात हा बरोबर नसलेला बरा, असं कारण सांगितलं. लॉरी टेलसन बँकेचा माणूस, अठ्ठ्याहत्तरावं वर्ष चालू, शब्दाचा पक्का. त्याला सूचना दिल्या त्या अशा: दुपारी दोन वाजता घोडे जुंपलेली गाडी अंगणात तयार हवी, सगळे आत बसलेले हवेत. मी आलो की मला आत घ्या. माझी जागा भरली की क्षणभरही थांबू नका. वाटेत काहीही कारण निघालं तरी बेत बदलायचा नाही. 'माझी जागा भरली की' हे शब्द तोलून वापरले आहेत. जागेवर कोण बसणार हे त्यात सांगितलेलं नाही. लूसीला मात्र ही नवऱ्याची शेवटची इच्छा आहे असं सांगायचं, हेही त्यानेच पढवलं.

कोठडीतला एक तास

डार्नेला तीन वाजता मारायचं होतं. खटारे रस्त्याने धक्के खात जायला वेळ लागतो, म्हणून बोलावणं आधी येणार. दोनची वेळ त्याने मनाशी धरली होती. एकचा ठोका पडून गेल्यावर कार्टन आत आला.

पुढच्या हालचालींचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी बुटांची अदलाबदल. कार्टन अनवाणी उभा, डार्नेला खुर्चीत दाबून बसवलेलं. मग गळ्याचं वस्त्र, कोट आणि केसांची फीत सोडून केस मोकळे. हे सगळं डार्ने शुद्धीवर असतानाच करून घेतलं. बेशुद्ध माणसाचे बूट आणि कोट बदलायचे म्हणजे वेळही लागतो आणि धडपडीचा आवाजही होतो. डार्ने म्हणत राहिला की इथून सुटणं अशक्य आहे, तू उगाच माझ्यासोबत मरशील. मी तुला दाराबाहेर चल म्हटलं का, असं कार्टनने त्याला विचारलं. मग लिहायला बसवलं. कोणाला उद्देशून? कोणालाच नाही. तारीख? नको. लिहिणाऱ्याची मान खाली असते, हात गुंतलेला असतो आणि डोळे कागदावर असतात. कार्टन बाजूला उभा राहून सांगत गेला आणि त्याचा हात छातीपासून सावकाश खाली येत गेला. हातात शस्त्र आहे का, हा वास कसला, असं डार्नेने विचारलं, पुढची अक्षरं वेडीवाकडी झाली. मग झटापट, आणि तो खाली पडला. ते पत्र होतं लूसीसाठी, कार्टनच्या मनातलं, पण अक्षर डार्नेचं. कार्टनने ते त्याच्याच छातीशी खिशात ठेवलं.

बरसॅड दोन माणसं घेऊन आला. सांगायचं काय, तर पाहुणा येतानाच अशक्त होता आणि निरोप घेताना त्याला भोवळ आली. ओळखीच्या कोणा कैद्याला भेटायला गेलेली माणसं अशी कोसळतात, यात नवल ते काय. इथे बरसॅडचं वाक्य फार मोलाचं आहे. त्या दिवशी बावन्न जण जायचे होते. बावन्नचा हिशोब जुळायला हवा, आणि या कपड्यांत तुम्ही तो जुळवणार असाल तर मला भीती नाही, असं तो म्हणतो. सगळ्या योजनेची किल्ली या एका वाक्यात आहे. दहशतीच्या काळातली ती यंत्रणा डोकी मोजत होती, चेहरे पाहत नव्हती. ज्या कार्लाइलच्या फ्रेंच क्रांतीच्या इतिहासाचं ऋण डिकन्स प्रस्तावनेत मान्य करतो, त्यातही म्हातारा लोइझरोल मुलाचं नाव पुकारल्यावर स्वतः 'ओ' देऊन पुढे होतो, असा प्रसंग आहे.

यंत्रणा फसली, पण पाहणारी माणसं फसतीलच असं नव्हतं. बाहेरच्या अंधाऱ्या दालनात एकाने ओळखीने कार्टनला मिठी मारली तेव्हा तो मनातून चरकला. तो माणूस पुढे निघून गेला. मग एक काटकुळी शिवणकाम करणारी मुलगी जवळ आली. ला फोर्स तुरुंगात ती डार्नेबरोबर होती. तुमचा हात धरू का, असं विचारून तिने वर पाहिलं आणि तिला कळलं. 'त्याच्यासाठी मरता आहात का?' एवढंच तिने विचारलं. ओरडली असती तर तिथेच सगळं संपलं असतं. तिने ओरडायचं नाही असं ठरवलं; ठरवलं म्हणण्याइतकाही वेळ तिने घेतला नाही. सहा खटाऱ्यांपैकी तिसऱ्यात ती दोघं होती. ती बाविसावी गेली, कार्टन तेविसावा. कार्टनला तिचा आधार झाला की तिला कार्टनचा, हे वाचताना वेगळं काढता येत नाही आणि काढायचं कारणही नाही.

न विचारता दिलेलं जीवदान

डार्नेला कार्टनने विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, याची खात्री होती म्हणूनच पुड्या घेतल्या. पुष्कळ समीक्षक इथे अडखळतात आणि अडखळायलाच हवं. मादाम डफार्जच्या यादीकडे बोट दाखवून सुटका होते असं वरवर वाटतं: डार्नेच्या नकाराने लहान मुलीचाही जीव गेला असता, म्हणून नकाराचा हक्क त्याच्या एकट्याचा नव्हता. पण क्रम पाहिला तर पुड्या आधी आणि यादी नंतर. कार्टनने फसवण्याचं ठरवलं तेव्हा हे समर्थन त्याच्या हाताशी नव्हतं. माझ्या मते तो तरीही बरोबर होता, कारण लूसीला दिलेला शब्द त्याने डार्नेच्या परवानगीच्या अटीवर दिला नव्हता. पण त्याची किंमत डार्नेने मोजली, हे झाकू नये. नाक्यावर पाच नावं तपासली जातात आणि इंग्रज वकील बेशुद्ध म्हणून सोडून दिला जातो. पुढे गाडीत डार्ने शुद्धीवर येऊ लागतो. आपण अजून कोठडीतच आहोत असं समजून तो कार्टनला नावाने हाक मारतो आणि तुझ्या हातात काय आहे, असं विचारतो. जागा झाल्यावर त्याने काय सोसलं हे डिकन्सने लिहिलं नाही.

जे चुकलं

कार्टनचा एकच अंदाज साफ चुकला. लूसीवरची फिर्याद दोन-तीन दिवसांनी, बहुधा आठवड्याने होईल, असं त्याने लॉरीला सांगितलं होतं. गिलोटिनच्या बळीसाठी शोक करणं हा गुन्हा होता; लूसीला शोक करू द्यायचा आणि मग पकडायचं, असा बाईचा डाव असेल असा तर्क. तर्क बरोबर, दिवस चुकला. मादाम डफार्जला त्याच दुपारी, शिक्षेच्या वेळी, लूसीला शोक करताना स्वतः पकडायचं होतं. नवरा डॉक्टरबद्दल हळवा होतो म्हणून तिने त्यालाही कळू दिलं नाही. भरलेलं पिस्तूल आणि सुरा घेऊन ती एकटी निघाली.

गाडी दोनलाच सुटली होती म्हणून ही चूक निस्तरली, पण पूर्ण नाही. गाडीत गर्दी झाली तर नाक्यावरच्या तपासणीत वेळ जाईल, म्हणून मिस प्रॉस आणि जेरीला मागे ठेवून तीन वाजता हलक्या गाडीने निघायचं ठरलं होतं. एकाच अंगणातून दोन गाड्या सुटल्या तर संशय येईल, म्हणून मिस प्रॉसने जेरीला पुढे पाठवलं आणि स्वतः कॅथीड्रलच्या दाराशी भेटायचं ठरवलं. दोन्ही निर्णय शहाणपणाचे, आणि त्यांचा परिणाम असा की दोन वाजून वीस मिनिटांनी रिकाम्या घरात ती एकटी होती आणि दारात मादाम डफार्ज उभी होती.

एकीला फ्रेंच येत नाही, दुसरीला इंग्रजी. तरी दोघींना एकमेकींचं सगळं कळलं. घर रिकामं आहे हे समजलं तर पाठलाग सुरू होईल, म्हणून मिस प्रॉसने खोलीतली सगळी दारं लावली आणि लूसीच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. जितका वेळ ही इथे अडकेल तितकी गाडी लांब जाईल, हा एकच हिशोब. झटापटीत तिने कमरेला मिठी मारून सुरा दाबून धरला; पिस्तूल निघालं, तिने ते झिडकारलं, बार उडाला आणि मादाम डफार्ज पडली. मिस प्रॉसने दार लावून किल्ली नदीत टाकली. त्या आवाजाने ती जन्मभरासाठी ठार बहिरी झाली. जेरीबरोबर गाडीत बसल्यावर रस्त्यावरचा गोंगाट ऐकू येत नाही म्हणून तीच त्याला विचारत होती.

शेवटच्या पानावर डिकन्स सांगतो की कार्टनने मनातले विचार बोलून दाखवले असते तर ते कसे असते. त्यात बरसॅड आहे, डफार्ज आहे, लॉरी आणि डॉक्टर आहेत, लूसी आणि तिला होणारा मुलगा आहे. मिस प्रॉस त्यात कुठेच नाही. दोन वीसला त्या घरात काय झालं, हे कार्टनला कळायला मार्ग नव्हता.